पाचवा मुक्काम

१९ जुलै, शनिवार. प्रयोगशाळेतल्या मागच्या लाकडी कपाटाला वाळवी लागली आहे. उद्या सकाळी फवारणीवाला येणार, तोवर कपाट रिकामं हवं. शिक्षकांना सांगितलं असतं तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली असती, म्हणून शाळा सुटल्यावर मीच पदर खोचला आणि कपाट उघडलं.

वरच्या दोन कप्प्यांत फुटकी चंचुपात्रं, गंजलेले चिमटे आणि कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी जपून ठेवलेला बेडूक निघाला. बेडूक टाकला. खालच्या कप्प्यात जुन्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता. तो रद्दीत जाणार, म्हणून दोरी सोडून एकदा वरवर चाळला, तर मधोमध एक निळ्या पुठ्ठ्याची वही. पुठ्ठ्यावरचं मुलाचं नाव खोडून खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं : बि. म. येडगे. पाणी.

मी तिथंच स्टुलावर बसले.

आत चोवीस पानं भरलेली होती. प्रत्येक पानावर एक धबधबा आणि प्रत्येक धबधब्याला चार ओळी : जागा, नाव, वाळका कधी पाहिला, ओला कधी पाहिला. तेवीस पानं पूर्ण. चोविसाव्या पानावर तीन ओळी भरलेल्या, आणि ‘नाव’ या शब्दापुढं कोरं. वाळवीनं त्याच पानाचा कोपरा खाल्ला होता. आणखी आठ दिवस गेले असते तर ओळीही गेल्या असत्या.

बिरामामा येडगे आमच्या जुळे सोलापुरातल्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. मुलं मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामा म्हणत असू. मी गणित शिकवते, आता पर्यवेक्षिका आहे. मामांबरोबर मी एकवीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर ते सांगोल्याकडच्या आपल्या गावी गेले आणि गेल्या माघात वारले. सोलापूरच्या माणसानं धबधब्यांची वही ठेवावी याचं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हसू येई. आमच्याकडं नळाला पाणी यायची वेळ लोक लग्नाच्या मुहूर्तासारखी लक्षात ठेवतात. भूगोलाचे गाजूलसर तर मामांना तोंडावर म्हणत, “मामा, आम्ही विणकर माणसं. नळ चार दिवसांनी वाजला तरी आम्हाला धबधबाच.”

मामा म्हणायचे, “वाजू द्या की. पर त्यो सापडल्याला हाय, सर. सापडल्याल्याकडं काय बघायचं?”

ते धनगराच्या घरचे. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या मागं मेंढरांबरोबर हिंडले. दिवाळी झाली की त्यांचा कळप पश्चिमेला निघायचा, कोयनेच्या बाजूच्या डोंगरातून घाट उतरून कोकणात जायचा आणि वैशाखात घाट चढून परत यायचा. पाऊस लागायच्या आत माणदेशाच्या उघड्या माळावर पोचलंच पाहिजे, कारण भिजलेलं मेंढरू जगत नाही. त्यामुळं झालं असं, की त्या डोंगरातले सगळे कडे या मुलानं पाहिले ते वाळलेले. जिथं पावसाळ्यात पाणी कोसळतं तिथं त्यानं गुळगुळीत दगड पाहिले, तळातल्या कोरड्या डोहात खेळला, पण पाणी पडताना कधी पाहिलं नाही. पुढं आईच्या भावाकडं राहून सातवी-आठवी केली, शाळेत नोकरी लागली, आणि पहिल्या पावसाळ्यात चार दिवसांची रजा काढून तो एकटाच एका ओळखीच्या कड्याखाली जाऊन उभा राहिला.

“कसं वाटलं?” मी एकदा विचारलं होतं.

“गावात येक मुका माणूस असतो बगा, बाई. रोज दिसतो. त्यो एकदम बोलाय लागला तर कसं वाटंल? तसं.”

मामा उंच होते आणि चालताना काठी खांद्यांवर आडवी टाकून दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबती सोडायचे. शाळेत काठी नसे, म्हणून ते जाळी काढायचा झाडू तसा खांद्यावर घ्यायचे. नव्या मुख्याध्यापकांनी एकदा टोकलं. मामांनी झाडू खाली घेतला, दहा पावलं गेले आणि पुन्हा खांद्यावर टाकला. त्यांनाही कळलं नसावं.

मुलं मोजण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका सहलीत आम्ही कोल्हापूरकडच्या एका नावाजलेल्या धबधब्याला गेलो होतो. दोन बस, शंभरावर मुलं, भुट्टे, फोटो, चिखल. निघताना आम्ही सहा शिक्षक याद्या घेऊन मोजायला लागलो आणि सहा वेगवेगळे आकडे आले. मामा म्हणाले, “यादी बगू नका. दारातनं काडा.” त्यांनी सगळ्या मुलांना उपाहारगृहाच्या अरुंद फाटकातून जोडीजोडीनं बाहेर काढलं. ओठ हलले नाहीत, बोटं हलली नाहीत. शेवटची जोडी बाहेर पडल्यावर म्हणाले, “येक कमी हाय. ती उजव्या पायानं जरा तिरकी चालती ती.” पोरगी संडासात कडी अडकून बसली होती. तिचं नाव आम्हाला नंतर यादीत सापडलं.

त्या दिवशी मामांनी त्या प्रसिद्ध धबधब्याकडं पाठ करून भाकरी खाल्ली. आम्ही चिडवलं तर म्हणाले, “त्येच्याकडं बगाय इतकी माणसं हायती. मी येक न बगितल्यानं त्येचं काय अडतंय?”

त्यांचं शोधणं मे महिन्यात चाले. लोक धबधबे पाहायला पावसाळ्यात जातात, मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे. दगडाला हात लावून बघायचे. कड्याच्या कपाळावर काळा पट्टा किती रुंद आहे, तळातले गोटे किती गोल आहेत, कपारीतल्या मुळ्या कुठल्या बाजूला वळल्यात. त्यावरून ते वहीत लिहायचे : पाऊस लागल्यावर आठव्या दिवशी सुरू होईल, नवरात्रापर्यंत टिकेल. मग श्रावणात रजा काढून तपासायला जायचे. चुकलं तर तसं लिहायचे. सोळाव्या पानावर आहे : ‘मी आठ म्हणलो. अकरा लागले. वर कुणीतरी शेत काढलं आहे.’

“पावसात गेलं की समदंच पडताना दिसतं, बाई,” ते सांगत. “रस्त्याकडंची गटारंबी पडत असत्यात. वाळका बगितला तरच कळतं खरा कुठला.”

नावाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. स्वतः नाव ठेवायचं नाही. खालच्या वाडीतली माणसं जे म्हणतात तेच लिहायचं. काहीच म्हणत नसतील तर जागा कोरी ठेवायची आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारायचं. एका पानावर ‘खुळ्याची उडी’ आहे, एकावर ‘जावेजावेचं’. ‘जावेजावेचं’ म्हणजे दोन धारा शेजारी पडतात, पण एकमेकींना लागत नाहीत. असली नावं मामांना स्वतः ठेवता आली नसती, हे ते जाणून होते.

एकदा एका गिर्यारोहण मंडळातली चार माणसं गाडी घेऊन शाळेत आली. अंगावर चांगले कपडे, बोलणं नम्र. मामांच्या वहीबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांना जागा हव्या होत्या. नकाशावर खुणा करू, तुमचं नाव देऊ म्हणाले. मामांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, “मे महिन्यात या. वाळका दावतो. वाळका दोन तास बगत बसला त्येला श्रावणात ओला दावीन.” माणसं हसली, हो म्हणाली, गेली. मे महिन्यात कुणी आलं नाही. मामांनी वाट पाहिली होती, हे मला माहीत आहे, कारण त्या वर्षी ते दोन दिवस उशिरा डोंगरात गेले.

पण हे तेवीस धबधबे मामा शोधत नव्हते. ते एकच शोधत होते. बाकीचे वाटेत सापडले.

मामांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एक जून आहे आणि जन्मस्थळ त्यांचं गाव. दोन्ही शाळेच्या मास्तरांनी घातलेली. “दोन्ही खोटं हाय,” मामा म्हणायचे. “तारीख राहू द्या, समद्यांचीच खोटी असती. पर जागा खोटी कशी चालंल?” त्यांचा जन्म वाटेवर झाला होता. वैशाखात कळप कोकणातून परतत असताना, एका कड्याच्या तळाशी, कोरड्या डोहाच्या काठावर. मामा थोरले. आईचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिचं माहेर चार मुक्काम पुढं राहिलं आणि ती आधीच बाळंतपणाला बसली. डोहाच्या कपारीत हंडाभर पाणी उरलेलं होतं, त्यात बाळाला धुतलं. बापानं तिथं नाळ पुरली आणि पाण्याची जागा म्हणून साती आसरांचे, जलदेवतांचे, सात दगड मांडले. सहाच चांगले दगड मिळाले. सातव्याला आईचा वरवंटा ठेवला. आई पुढं वर्षभर त्यावरून भांडली, कारण नवा वरवंटा मिळेपर्यंत तिला गोट्यानं वाटावं लागलं.

ही गोष्ट आईनं त्यांना शंभर वेळा सांगितलेली. खूण एकच : घाट चढून वर आलं की तिथून पाचवा मुक्काम. त्या सालानंतर त्या वाटेवर रान माजलं, कळप खालच्या वाटेनं यायला लागले आणि ती जागा पुन्हा कुणी पाहिली नाही. मरायच्या आधी आई म्हणाली होती, “तितं पाणी पडताना कसं दिसतं ते मी काय बगितलं न्हाय बाबा.” एवढंच. जाऊन बघ असं म्हणाली नव्हती. मामांनी ते आपलं आपण अंगावर घेतलं.

कळपाचा एक मुक्काम म्हणजे चार-पाच मैल. पाच मुक्काम म्हणजे वीस-बावीस मैल. घाटमाथ्यापासून तेवढ्या अंतरावरची प्रत्येक घळ मामांनी उतरून पाहिली. उन्हाळ्यामागून उन्हाळे. भाऊ बरोबर गेले, चुलते गेले, मेंढरं राखण्यात हयात घालवलेली जाणती माणसं गेली. सगळ्यांनी बोटांवर पाच मुक्काम मोजले आणि सगळे त्याच टापूत हिंडले. कडे सापडले, डोह सापडले, साती आसराही दोन-तीन ठिकाणी सापडल्या. वरवंटा नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली. मामांनी ते घरी सांगितलं नाही, मला सांगितलं, कारण रजेचे अर्ज माझ्याकडून पुढं जायचे.

“आता किती वर्षं जमंल काय सांगता येत न्हाय, बाई. औंदाचा उन्हाळा आणि फुडला.”

त्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर निकालपत्रकं करत बसलो होतो. पंखा गरम हवा ढकलत होता. मामा चहा घेऊन आले. गाजूलसरांना बेरजेचा कंटाळा आला होता, त्यांनी काडी टाकली.

“काय मामा, यंदा पण पाचवा मुक्काम? मला वाटतं तुमच्या वडिलांनी मोजायला चुकवलं.”

“बापाचं मोजणं चुकायचं न्हाय,” मामा म्हणाले. “आळशी हुता त्यो, ती गोष्ट निराळी.”

“आळशी? धनगर आणि आळशी?”

“त्या साली लई आळशी झाला हुता म्हणं. आईच सांगायची. दर कोसाला घोंगडं टाकायचा. म्हणायचा, हितं चारा बरा हाय, आज हितंच. वैशाखात कुटला आलाय चारा? चुलता वराडायचा, पाऊस गाठंल म्हणायचा. ह्यो आपला पडून. आई हसून सांगायची, तुजा बाप माज्या बाळंतपणाच्या टायमाला लई निबर झाला हुता.”

गाजूलसर हसले. मीही ही गोष्ट आधी दोनदा ऐकली होती आणि दोन्ही वेळा हसले होते. या वेळी माझ्यासमोर एका मुलीची टक्केवारी चुकत होती आणि चूक भाजकात आहे हे मला नुकतंच सापडलं होतं. बेरीज सगळी बरोबर, भागायचं कशानं तेच चुकलेलं. मी पेन खाली ठेवलं.

“मामा, आई त्या वेळी कितव्या महिन्यात होती?”

“आता जलम झाला म्हंजी नववा की.”

“नववा भरलेली बाई, पहिलटकरीण, वैशाखाच्या उन्हात रोज पाच मैल डोंगरातून चालेल का?”

मामांनी गाजूलसरांना द्यायचा कप परत ट्रेवर ठेवला.

“मला दोन मुलं आहेत,” मी म्हटलं. “नवव्या महिन्यात मला इथून बसस्टॉपपर्यंत जायला रिक्षा लागायची. वडील आळशी नव्हते हो, मामा. बायकोला चालवत नाही म्हणून थांबत होते. चारचौघांत तसं सांगायचं कसं, म्हणून चाऱ्याचं निमित्त.”

मामांच्या हातातला ट्रे तिरपा झाला आणि एक कप घसरून माझ्या निकालपत्रकावर पालथा झाला. एरवी मी ओरडले असते.

“दर कोसाला,” मामा म्हणाले. “पाच मुक्काम म्हंजी पाच कोस. न्हाय, तेवढंबी न्हाय. पयला मुक्काम तर माथ्यावरच. चार. म्हंजी आठ मैल.” मग म्हणाले, “तितनं तर मी दरसाल यष्टीनं फुडं जातो.”

इतकी वर्षं इतक्या जाणत्या माणसांनी मुक्काम मोजले, पण सगळ्यांनी मेंढरांच्या चालीनं मोजले. त्या सगळ्यांत बाळंत झालेलं कुणी नव्हतं, एवढीच अडचण. मी काही फार मोठं केलं नाही. पत्रक मात्र पुन्हा लिहावं लागलं.

मे महिन्यात मामा गेले. गाजूलसर आपण होऊन बरोबर गेले. ज्याला नळाचा आवाज पुरत होता तो माणूस टोपी घालून डोंगरात निघाला, याचं शाळेत दोन दिवस कौतुक चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकाचे, फोन मुलीनं कानाला धरला. पलीकडं नुसता वारा. मग मामांचा आवाज.

“बाई, वरवंटा हाय.”

फोन तुटला. मी कुरडया पूर्ण केल्या. तेवढ्या वाकड्या झाल्या.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं गेलो. एसटीनं कराड, पुढं दुसरी एसटी, शेवटी पायी. जागा मी सांगणार नाही. विचारायचं असेल त्यानं मे महिन्यात विचारावं. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पायाला लावायला तंबाखूचं पाणी, कारण त्या रानात जळवा आहेत. गाजूलसरांना सात लागल्या. त्यांनी मोजल्या आणि सात आसरा म्हणाले. मामा हसले नाहीत. गुडघ्याला फडकं बांधून ते पुढं चालत होते, काठी खांद्यावर, मनगटं वर टाकलेली. दर थोड्या वेळानं थांबायचे आणि म्हणायचे, “हितं चारा बरा हाय.” पहिल्या वेळी मला वाटलं ते वडिलांची आठवण काढतायत. तिसऱ्या वेळी कळलं, ते मला दम लागलाय म्हणून थांबत होते.

कड्याखाली दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथं सखाराम नावाच्या माणसाच्या घरी आम्ही टेकलो. त्याची आई सत्तरीच्या पुढची, दारात बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. मे महिन्यात ती लेकीकडं गेली होती, त्यामुळं मामांची तिची भेट झाली नव्हती. डोहाकडच्या आसरांना शेंदूर दर वर्षी तीच लावते.

“त्या आमच्या न्हाईत,” ती म्हणाली. “माजी सासू सांगायची, धनगरांनी मांडल्या. येक धनगरीण हितं बाळंत झाली. माज्या सासूनं तिला भाताची पेज नेऊन दिली हुती, चार दिस. मग ती माणसं गेली.”

मामा जोत्यावर बसले होते ते उठून उभे राहिले. “ती माजी आई, आज्जे. आणि त्यो मी.”

म्हातारीनं टाचायची काडी खाली ठेवली. त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. साठीला टेकलेला, पिकल्या मिशांचा माणूस.

“लई उशीर केलास की रं,” ती म्हणाली.

मग तिनं सुनेला हाक मारली आणि भात टाकायला सांगितला. “थोरला व्हय तू? मग पहिलं बाळंतपण हितं झालं तिचं. पहिलं बाळंतपण माह्यारी असतं. म्हंजी ह्ये तिचं माह्यारच की. आन तू भाचा. भाच्याला उपाशी कसा लावायचा वर?”

मामांनी पिशवीतून हिरवा खण काढला. तो त्यांनी डोहावर घालण्यासाठी आणला होता. क्षणभर विचार केला आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवला. “पेजेचा,” म्हणाले. म्हातारीनं तो निरखला, काठ ओढून पाहिला आणि म्हणाली, “रंग जाणार न्हाय ना?” मला ती फार आवडली.

जेवून आम्ही वर गेलो. धबधब्यापेक्षा त्याचा आवाज आधी आला. मग झाडं संपली आणि कडा समोर. फार उंच नाही. आमच्या शाळेच्या इमारतीच्या तिप्पट असेल. पण पाणी एकसंध, जाड, मधे न फाटता येत होतं. वरच्या ओठावर थोडं पुढं झुकायचं आणि मग सरळ खाली. डावीकडं, शिंतोडे पोचणार नाहीत अशा कपारीत सात आसरा. सहा गोल दगड आणि सातवा लांबट, दोन्ही टोकांनी झिजलेला. शेंदराचे इतके थर चढले होते की तो वरवंटा आहे हे माहीत नसलेल्याला कळलं नसतं. मला कळलं. माझ्या घरी तसलाच आहे.

मामांना मी तेवीस ठिकाणी पाहिलेलं नाही, पण ते काय करतात ते ऐकून माहीत होतं : आधी वही काढायची, घड्याळ बघायचं, पाण्याची रुंदी हातानं मापायची. इथं त्यांनी काहीच काढलं नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि झेंडावंदनाला उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. गुडघ्याचं फडकं भिजून खाली घसरलं होतं. मी जवळ गेले, तेव्हा ते काहीतरी बोलत होते. आवाजात ऐकू येईना.

“काय म्हणता?” मी ओरडले.

“लई आवाज करतंय की!” तेही ओरडले. “बाप सांगायचा, आईनं हितं तोंडातनं आवाज काडला न्हाय! येकबी न्हाय!”

आणि ते हसले. मान वर करून, मिशीवरून पाणी ओघळत असताना, अख्खे दात दाखवून. मी एकवीस वर्षांत त्यांचे अख्खे दात पाहिले ते त्या दिवशी. त्यानंतर शाळेत ते दोन वर्षं रोज भेटले, निरोप समारंभात नारळ घेताना दिसले, पण बिरामामा म्हटलं की मला ते तसे दिसतात : चपला हातात, मान वर.

उतरताना मी विचारलं, “वहीत नाव काय लिहिणार?”

“वाडीत काय नाव न्हाय त्येला. नुसतं वरलं पाणी म्हणत्यात.”

“मग तुम्ही ठेवा. या एकाला तरी. तुमचा हक्क आहे.”

“माजा कसला हक्क? मी हितं चारच दिवस ऱ्हायलो.” चार पावलं पुढं जाऊन म्हणाले, “पडंल की नाव. पडाय दोन-तीन पावसाळे लागत्यात. पडलं की लिवू.”

त्या गोष्टीला चार पावसाळे झाले. गुडघ्यानं मामांना पुन्हा तिकडं जाऊ दिलं नाही. वही त्यांनी जाताना इथंच का ठेवली हे मला माहीत नाही. विसरले असं मी मानत नाही. ज्या माणसानं शंभरांत एक पोरगी चालीवरून ओळखली तो वही विसरत नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, हे त्यांना माहीत होतं.

२० जुलै, रविवार. सकाळी आठला फवारणीवाला आला. त्याला कपाट दाखवलं, खिडक्या उघडल्या आणि वही घेऊन बाहेर व्हरांड्यात बसले. चोविसाव्या पानाच्या मागं सखारामचा नंबर होता. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. त्याला आमची ओळख पटायला वेळ गेला नाही. मामा गेले हे सांगितलं. तो म्हणाला, त्याची आईही गेल्या पावसात गेली, आसरांना शेंदूर आता त्याची बायको लावते.

“सखारामभाऊ, एक विचारायचं होतं. त्या वरच्या पाण्याला वाडीत आता काय म्हणतात?”

“कंच्या? धनगरणीच्या माहेराला?”

मी म्हटलं, “परत सांगा.”

“धनगरणीचं माहेर. समदी तसंच म्हणत्यात की. पोरंबी तसंच म्हणत्यात. का वो?”

“काही नाही. लिहायचं होतं.”

फोन ठेवला. शाईचं पेन घेतलं आणि मामांच्या अक्षराशेजारी, शक्य तितक्या नीट, नाव लिहिलं. मग वाचनालय उघडून दाखल नोंदवही काढली. नव्या पुस्तकासाठी ओढतात तशी ओळ ओढली. पुस्तकाचं नाव : पाणी. लेखक : बिरा म. येडगे. पानं : चोवीस. वहीला खाकी कव्हर घातलं, पाठीवर क्रमांक चिकटवला आणि भूगोलाच्या लोखंडी फडताळात ठेवली. लाकडी कपाटावर माझा आता भरवसा नाही.